खर्जाची लिपी

अ‍ॅलन स्लट्स्की यांचे 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाऊन' हे पुस्तक १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. आमच्या हाती ते अलीकडे, वयाची त्रेपन्न वर्षे उलटल्यानंतर आले. इतक्या जुन्या आणि परक्या मुलखातल्या पुस्तकाची दखल या पृष्ठांत घेण्यास कारण आहे. गायकवृंदातील मुलांना संगीताची लिपी शिकवावी की कानावर सोडून द्यावे, हा वाद आपल्या बहुतेक धर्मग्रामांत कधी ना कधी होतो. त्या वादात साक्षीला बोलवावे असे हे पुस्तक आहे, आणि त्याची साक्ष आपण समजतो तितकी सरळ नाही.

प्रथम, हे पुस्तक आमच्याकडे कसे आले ते सांगणे भाग आहे. आमच्या गायकवृंदात बास गिटार वाजवणारा तरुण नोकरीनिमित्त आखातात गेला. त्याचे वाद्य सॅक्रिस्टीच्या कपाटात दोन पावसाळे पडून राहिले. दमटपणाने लाकूड वाकले तर नाही ना, एवढे पाहण्यासाठी आम्ही ते बाहेर काढले आणि सगळ्यांत जाडी तार बोटाने ओढली. पुढची दोन वर्षे त्या एका तारेने खाल्ली. धर्मग्रामातलाच, आमच्या निम्म्या वयाचा एक तरुण शिकवायला तयार झाला. "फादर, बोट तारेपासून इतके वर उचलू नका," हे वाक्य त्याने आम्हांस किती वेळा ऐकवले असेल याची गणती नाही.

पुस्तकाचा नायक जेम्स जेमर्सन. दक्षिण कॅरोलिनातील एडिस्टो बेटावर बालपण गेलेला हा कृष्णवर्णीय मुलगा आईपाठोपाठ डेट्रॉइट शहरी आला, शाळेत उभा डबल बास शिकला आणि पुढे मोटाऊन कंपनीच्या एका घराच्या पोटात बांधलेल्या लहानशा ध्वनिमुद्रणगृहात शेकडो गाण्यांचा पाया घालून गेला. गाणी जगभर गाजली, गायकांची नावे घरोघरी पोचली. वादकांची नावे मात्र तबकड्यांच्या वेष्टनांवर नसत. १९७१ सालच्या मार्व्हिन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीने तो शिरस्ता मोडला. १९८३ साली लॉस एंजेलिस येथे जेमर्सन निवर्तला तेव्हा त्याचा खर्ज ऐकलेल्या कोट्यवधी लोकांपैकी फारच थोड्यांना त्याचे नाव ठाऊक होते. स्लट्स्की यांनी त्याच्या कुटुंबीयांच्या आणि सहकाऱ्यांच्या आठवणी गोळा केल्या, हे त्यांचे पहिले ऋण. २००२ साली याच नावाचा माहितीपट निघाला आणि त्या ध्वनिमुद्रणगृहातले हयात वादक पडद्यावर दिसले, त्याचेही मूळ या पुस्तकातच आहे.

चरित्राचा हा भाग वाचनीय आहे. परंतु आमच्या मते त्यात आख्यायिकांना जरा जास्त जागा मिळाली आहे. 'व्हॉट्स गोइंग ऑन'चे वादन जेमर्सनने मद्याच्या अमलाखाली जमिनीवर पाठ टेकून केले, अशी एक कथा त्याच्याविषयी सांगितली जाते. संतचरित्रे कशी वाढत जातात हे गुरुविद्यालयात शिकलेल्या माणसास चांगले ठाऊक असते. मूळ माणूस थोर असतो, आणि भक्तांना तेवढ्याने समाधान होत नाही. मद्याने या कलावंताचे यकृत आणि आयुष्य दोन्ही संपवले. तेव्हा त्या कथेचे कौतुक वाचताना आम्हांस काही हसू आले नाही. व्यसनाने पोखरलेली घरे आम्ही पाहतो, पुस्तकाच्या वाचकाने ती पाहिलेली असतीलच असे नाही.

पुस्तकाचा दुसरा भाग म्हणजे जेमर्सनच्या वादनाचे लेखन. त्या बासओळी नामवंत वादकांकडून वाजवून घेतलेले ध्वनिमुद्रणही सोबत दिले आहे. येथे आमच्यासारख्या प्रौढ विद्यार्थ्याची खरी परीक्षा सुरू होते. स्वरलेखन सारे पाच रेषांच्या लिपीत आहे. बोटे कोठे ठेवावीत हे आकड्यांनी सांगणारा टॅब दिलेला नाही.

टॅब म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात गिटार आहे त्यांना माहीत असेल. चार आडव्या रेषा म्हणजे चार तारा, आणि त्यांवरचा आकडा म्हणजे दाबायचा फ्रेट. ही पद्धत आजची नव्हे. सोळाव्या शतकात युरोपातील ल्यूटवादक अशाच लेखनावरून वाजवीत, तेव्हा तिला आळशांची लिपी म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल. आमचे तरुण गुरुजी तिच्यावरच वाढले. पाच रेषा पाहताच ते म्हणाले, "फादर, हे मला वाचता येत नाही. तुम्ही ऐकून वाजवा, मी दाखवतो." आणि त्यांनी ध्वनिमुद्रण दोनदा ऐकून ती ओळ वाजवलीही! आम्ही मात्र कागद धरून बसलो, आणि दीड तासात चार मात्रांचे दोन गट कसेबसे पार पडले.

तरीही आम्ही कागद सोडला नाही. त्यामागे हट्ट होता हे कबूल. पण हट्टापलीकडेही एक गोष्ट होती. गुरुविद्यालयात एका वृद्ध धर्मगुरूंनी आम्हांस ग्रेगोरियन गायनाची चौकोनी स्वरचिन्हे शिकवली होती. चार रेषा, आणि त्यांतील एका रेषेच्या डोक्याशी 'दो'ची अथवा 'फा'ची खूण. बासच्या पाच रेषांच्या आरंभी जे वळणदार चिन्ह असते, ज्याचे दोन ठिपके एका रेषेला मध्ये धरतात, ते त्याच 'फा'च्या खुणेचे वंशज आहे. अकराव्या शतकात अरेझ्झोचे गीदो या बेनेदिक्ती संन्याशाने रेषांवर स्वर मांडण्याची रीत घालून दिली, तेव्हा 'फा'ची रेषा लाल आणि 'दो'ची पिवळी रंगवीत. संत योहान बाप्तिस्ताच्या एका स्तोत्रातील ओळींच्या आरंभींच्या अक्षरांवरून उत्, रे, मी, फा, सोल, ला ही नावेही त्यांनीच रूढ केली. दहा वर्षे घोकूनही गायकांना अपुरेच येई ते आपल्या रीतीने एका वर्षात, फार तर दोन वर्षांत येते, असे त्यांनी आपल्या एका मित्रास पत्रात लिहिले आहे. डेट्रॉइटच्या तळघरातला खर्ज त्या लाल रेषेवर वाचताना आम्हांस जो आनंद झाला, तो वाजवण्याच्या आनंदाहून कमी नव्हता.

लिपी कळू लागल्यावर हिशेब सोपा झाला. चार सुट्या तारांपैकी सर्वांत खालची पाच रेषांच्या खाली एका जादा रेषेवर लिहितात, दुसरी तळच्या मोकळ्या जागेत, तिसरी बरोबर मधल्या रेषेवर आणि चौथी सर्वांत वरच्या जागेत. लिहितात त्याहून प्रत्यक्ष नाद एक सप्तक खाली उमटतो. एवढे चार खांब पक्के केले की मधल्या भिंती हळूहळू उभ्या राहतात. लहान मुलाला हे आठवड्यात येते. प्रौढाची अडचण अशी की त्याला समजते लगेच आणि बोटांना कळायला महिने लागतात. त्या मधल्या काळात स्वतःची लाज वाटत राहते.

बोटांचा प्रश्न तर निराळाच. लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणलेल्या विजेच्या बासची तार चौतीस इंच, म्हणजे सुमारे श्याऐंशी सेंटिमीटर बोलते. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचे अंतर तेरा सेंटिमीटर भरते. साध्या गिटारवर ते दहाच्या आत असते. 'एका फ्रेटला एक बोट' हा नियम तरुण हाताला मानवतो. आमच्या करंगळीने तो चार दिवसांत नाकारला. तेव्हा आम्ही व्हिएन्नाचे डबल बास शिक्षक फ्रांत्स सिमांडल यांच्या जुन्या पद्धतीला शरण गेलो. तिच्यात खालच्या स्थानी पहिले, दुसरे व चौथे अशी तीनच बोटे कामी येतात आणि तिसरे चौथ्याला आधार देते. नऊ सेंटिमीटरांत काम भागते, हात सरकवावा लागतो एवढेच. मनगटाची कळ थांबली ती यामुळे. पन्नाशीपुढच्या कोणी हे वाद्य हाती घेतलेच, तर त्याने येथूनच आरंभ करावा, असे आम्ही आग्रहाने सांगू.

उजव्या हाताविषयी हे पुस्तक विद्यार्थ्याला चांगलेच गोंधळात टाकते. सर्व शिक्षक सांगतात की तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीने चालवा. जेमर्सन आयुष्यभर एकट्या तर्जनीने वाजवीत आला. त्या बोटाला सहकाऱ्यांनी 'हुक' असे नावच ठेवले होते. सुट्या तारा टाळा असे शिक्षक म्हणतात, आणि तो उभ्या बासच्या सवयीने त्या मनसोक्त वापरतो. त्याच्या तारा जाड व गुळगुळीत असत, तो त्या बदलत नसे, आणि घोडीपाशी बसवलेला फोमचा तुकडा नाद लवकर विझवी. यांतले कागदावर काय उतरते? स्वर उतरतो, त्याची लांबी उतरते. तो कोणत्या तारेवर वाजला, किती दाबून वाजला, हे उतरत नाही. स्लट्स्की यांनी चरित्रात हे सारे सांगितले आहे. पण स्वरलेखनाच्या पानांशी त्याची सांगड घातलेली नाही आणि सोप्याकडून अवघडाकडे नेण्याचा क्रमही आखलेला नाही. हे शिक्षणाचे पुस्तक नव्हे, हे मान्य. तरी अनेकजण ते शिकण्यासाठीच विकत घेतात.

शिकण्यासाठी कॅरोल केय यांचे १९६९ सालचे 'हाऊ टू प्ले द इलेक्ट्रिक बास' पुष्कळ उजवे. केयबाई मूळच्या गिटारवादक. १९६३ साली लॉस एंजेलिसमधील एका ध्वनिमुद्रणास बासवादक आला नाही म्हणून त्यांनी ते वाद्य हाती घेतले, आणि पुढे त्या शहरातील असंख्य ध्वनिमुद्रणांत त्यांचा खर्ज राहिला. सरगमीचे चढउतार घोकू नका, स्वरसंगतीतले स्वर ओळखा, ही त्यांची शिकवण. भक्तिगीताला साथ करणाऱ्यास नेमके हेच लागते. पुस्तक कोरडे आहे, गोष्टी नाहीत, नायक नाही. आम्ही ते तक्रार न करता वापरतो.

आता मूळ वादाकडे येऊ. गेल्या वर्षी सणाच्या नोव्हेनात एका संध्याकाळी पाहुणे धर्मगुरू मिस्सा अर्पण करणार होते, म्हणून आम्ही धीर करून गायकवृंदात बसलो. प्रत्येक स्वर पुढचा येईपर्यंत लांबवला. उंच छताच्या दगडी चर्चमध्ये खर्ज फार वेळ घुमत राहतो; आमच्या स्वरांचा असा काही चिखल झाला की प्रतिसादस्तोत्राचे शब्द बायकांना सापडेनात. दोष सर्वस्वी आमचा होता. घरी येऊन कागद पाहिला तर प्रत्येक स्वरापुढे विरामाची खूण स्पष्ट छापलेली! आमचे डोळे केवळ स्वर वाचीत होते, विराम गाळीत होते. टॅबवर वाजवले असते तर ती खूण बहुधा दिसलीच नसती, कारण साध्या टॅबमध्ये कोठे दाबावे हे असते, केव्हा सोडावे हे सहसा नसते. मंदिरातील उपासनेला शोभतील अशा रीतीने ऑर्गनखेरीज इतर वाद्यांनाही प्रवेश देता येईल, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ सालच्या उपासनाविषयक संविधानात म्हटले आहे. बासचे शोभणे न शोभणे आम्हांस त्या संध्याकाळी विरामाच्या खुणेत दिसले.

पण मग आमचे गुरुजी? ते लिपीवाचून आमच्याहून शतपट सरस वाजवतात, आणि कोठे थांबावे हे त्यांच्या कानाला कळते. हे आम्ही नाकारू शकत नाही. पुस्तकाचीही साक्ष अशीच दुहेरी आहे. जेमर्सन वाचणारा होता, आणि कागदावर लिहून आलेल्या ओळीला सोडून कानाने वाट काढणाराही होता. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांना जे स्थान मिळाले ते त्यांना वाचता येत होते म्हणून. धर्मग्रामाच्या शाळेत मेस्त्रींनी लहानपणीच सोल्फेज घोटून घेतल्याने त्यांची पोटे भरली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलालजी शिकले. कान त्यांनाही होताच. परंतु कान घेऊन मुंबईला आलेले इतरही अनेक होते, त्यांना रोजगार मिळालाच असे नाही. आमच्या गायकवृंदातून उद्या कोणी परगावी गेला, तर त्याच्या कानाची परीक्षा घ्यायला तेथे कोण बसले आहे? कागद मात्र पुढे ठेवला जाईल.

हे आम्ही गुरुजींना सांगितले तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. "मग तुम्ही मला शिकवा, फादर," एवढेच म्हणाले. आता दर गुरुवारी पहिला अर्धा तास ते आमची बोटे सुधारतात आणि दुसरा अर्धा तास आम्ही त्यांना रेषा वाचून दाखवतो. मागच्या गुरुवारी त्यांनी स्लट्स्की यांचे एक पान ध्वनिमुद्रण न लावता, कागदावरून, अडखळत वाजवले. तिसऱ्या ओळीत ते थांबले आणि म्हणाले की येथे छापलेला स्वर ते आजवर निराळाच वाजवीत आले होते. मग आम्ही दोघांनी ध्वनिमुद्रण लावून ऐकले. आम्हांस कागदाचे बरोबर वाटले. त्यांना अजून तसे वाटत नाही.