‘गनिमी कावा’ या संज्ञेची मर्यादा : भोर-वेल्हे परिसरातील युद्धसाधनांचे पुनर्वाचन

मराठ्यांच्या युद्धपद्धतीवरील लेखनात ‘गनिमी कावा’ ही संज्ञा बहुधा वर्णन म्हणून न येता उत्तर म्हणून येते. अल्प फौजेने प्रबळ सैन्यास कसे दमविले, या प्रश्नापुढे हे दोन शब्द ठेवले की चर्चा थांबते. वस्तुतः अचानक छापा, रसद तोडणे, डोंगराचा आश्रय ही तंत्रे अनेक देशांतील डोंगरी सैन्यांनी वापरलेली आहेत. दख्खनमध्येच मलिक अंबरने (मृत्यू १६२६) ती मोगलांविरुद्ध यशस्वीपणे योजिली होती. मावळातील युद्धाचे वेगळेपण या संज्ञेतून उलगडत नाही.

इंग्रजीतील अभ्यास याहून पुढे गेला, हे मान्य करावे लागेल. सुरेंद्रनाथ सेन यांच्या ‘द मिलिटरी सिस्टिम ऑफ द मराठाज’ (१९२८) या ग्रंथाने लष्कराकडे संस्था म्हणून पाहिले. योस खोमन्स यांच्या ‘मुघल वॉरफेअर’ने (२००२) भूगोल, घोडा आणि चारा यांना युद्धेतिहासाच्या केंद्रस्थानी आणले. मात्र खोमन्स यांचे जग मुख्यतः कोरड्या प्रदेशातील घोडेस्वाराचे आहे. भातखाचरांचा, मुसळधार पावसाचा आणि पायदळाचा मावळ त्या चौकटीत सहजी बसत नाही. जॉन कीगन यांनी ‘द फेस ऑफ बॅटल’मध्ये (१९७६) सामान्य सैनिकाच्या अनुभवावरून लढाई समजून घेण्याचा मार्ग दाखविला. त्यांच्यापुढे अ‍ॅजिनकोर्ट, वॉटर्लू आणि सोम अशा ठळक लढाया होत्या. भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांच्या मुलखात अशा मैदानी लढाया क्वचितच झाल्या. त्यामुळे कीगन यांचा प्रश्न येथे थोडा बदलून विचारावा लागतो : युद्ध नेमके कोणाच्या दारात लढले गेले?

या प्रश्नाचे उत्तर देणारी दोन साधने सर्वपरिचित आहेत. ती शेजारी ठेवून मात्र फारशी वाचली जात नाहीत. पहिले साधन म्हणजे १६६२ साली शिवाजी महाराजांनी रोहिडखोऱ्याचे देशमुख सर्जेराव जेधे यांना पाठविलेले पत्र. मोगल धावणीस येत असल्याची खबर देऊन गावोगाव फिरावे, रयतेस लेकराबाळांसह घाटाखाली सुरक्षित जागी न्यावे, यात हयगय झाल्यास बंदी पडणाऱ्या माणसांचे पाप तुमच्या माथी बसेल, असा त्याचा आशय आहे. चरित्रकार या पत्राकडे प्रजावात्सल्याचा पुरावा म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. पण तो लष्करी हुकूमही आहे. शत्रूचे पहिले लक्ष्य किल्ला नसून खोऱ्यातील वस्ती असेल, असे गृहीत धरूनच तो लिहिलेला आहे.

दुसरे साधन फारसी आहे. मिर्झाराजा जयसिंग याच्या पत्रव्यवहाराच्या आधारे जदुनाथ सरकार यांनी १६६५ ची मोहीम मांडली. मार्चअखेर पुरंदरास वेढा पडला. एप्रिलमध्ये दाऊदखान कुरेशी यास राजगड आणि रोहिडा यांच्या आसमंतात पाठविण्यात आले. रोहिड्याजवळ सुमारे ५० गावे जाळून उद्ध्वस्त करण्यात आली. डोंगरांच्या कुशीतली, तोपर्यंत शत्रूचे पाऊल न लागलेली चार गावेही त्यात सापडली. १६६२ च्या पत्रातील भीती अशी तीन वर्षांत त्याच खोऱ्यात खरी ठरली. शतवार्षिक युद्धात इंग्रज फौजांनी फ्रान्सची खेडी जाळली, त्यामागेही हाच हिशेब होता : प्रतिपक्षाचे उत्पन्न बुडवायचे आणि तो आपल्या प्रजेस राखू शकत नाही, हे दाखवून द्यायचे.

येथे एक आक्षेप संभवतो. जून १६६५ चा तह गावे जळल्यामुळे झाला की पुरंदर हातचा जाण्याच्या बेतात होता म्हणून? वज्रगड पडला होता, मुरारबाजी कामास आला होता; वेढ्याचे वजन निश्चितच अधिक होते. शिवाय तहात जे २३ किल्ले गेले त्यांत रोहिडा होता, तर राजगड व तोरणा महाराजांकडेच राहिले. तेव्हा जाळपोळीने गड पडतात, असा सरळ निष्कर्ष काढता येणार नाही. गडाची झुंजण्याची शक्ती आणि खोऱ्याची सोसण्याची शक्ती या वेगवेगळ्या मोजाव्या लागतील, एवढे मात्र यातून स्पष्ट होते.

कारीच्या जेधे घराण्याचा करीना या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. १६५९ मध्ये अफजलखान आला तेव्हा कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून महाराजांच्या बाजूस राहिले, तर उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानास मिळाले. हा प्रसंग निष्ठा आणि फितुरी यांच्या चौकटीतच सांगितला जातो. परंतु देशमुखाचा जमाव त्याच्याच गावांतून उभा राहत असे. तो ज्या बाजूस जाई, त्या बाजूस खोऱ्यातील माणसे, वाटा आणि धान्य जाई. कान्होजींचा कबिला तळेगावास हलविल्याचा उल्लेख म्हणूनच केवळ कौटुंबिक तपशील ठरत नाही. ‘गनिमी काव्या’च्या यशाची किंमत कोठे आणि कोणी मोजली, हे अशा कोरड्या नोंदींतच सापडते.

१७०४ मध्ये औरंगजेबाने राजगड वेढ्याने आणि तोरणा चढाईने घेतला. तोरण्याच्या तटावर चढलेल्यांचे वर्णन बादशाही इतिहासात आहे. पायथ्याच्या गावांचे त्या वर्षी काय झाले, यासाठी देशमुखी कागद आणि महसुली जमाबंदीकडे वळावे लागते. १६६५ मधील ती चार गावे ओळखायची तर जयसिंगाच्या पत्रांतील मुक्काम आणि अंतरे नीरा व गुंजवणीच्या खोऱ्यांत प्रत्यक्ष चालून पडताळावी लागतील.