कटोऱ्यापलीकडची रेघ

९ मे २०२५ला, सीमेवर तोफा धडधडत असताना, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने पाकिस्तानला सुमारे एक अब्ज डॉलरचा हप्ता मंजूर केला. भारत मतदानापासून दूर राहिला. त्या आठवड्यात शहापूरच्या एसटी स्टँडवर लोकांच्या मोबाइलवर जी व्यंगचित्रं पाहिली, त्यांत बहुतेक ठिकाणी एकच वस्तू होती: कटोरा. युक्रेनवरच्या चित्रांतही तेच, फक्त चेहरे बदललेले.

याचं वाईट वाटतं, कारण आपली ही कला इतकी दरिद्री कधी नव्हती. १३ ऑगस्ट १९६०ला ‘मार्मिक’ काढणाऱ्या बाळ ठाकरे यांच्यावर ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांचा मोठा प्रभाव होता. लो यांचं सप्टेंबर १९३९चं चित्र आठवा. हिटलर आणि स्टालिन टोप्या काढून, कमरेत वाकून, अगदी अदबीनं एकमेकांचा उद्धार करताहेत आणि दोघांच्या मधे एक माणूस मरून पडलाय. सौदा दोघांचा, पण चित्र अंगावर येतं ते त्या तिसऱ्यामुळे. ‘फ्री प्रेस जर्नल’मधले ठाकरे यांचे सहकारी आर. के. लक्ष्मण यांनी हा तिसरा ‘कॉमन मॅन’च्या रूपात जिवंत ठेवला. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा. बोलत नाही, पण सगळीकडे हजर.

मदतीच्या आजच्या चित्रातून नेमका तोच हरवलाय. देणारा दिसतो, घेणारा दिसतो. खाणारा आणि फेडणारा दिसत नाही.

शिवाय कटोरा खोटंही बोलतो. मुरबाडच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले, तेव्हा हा गुलाम, अर्धपोटी देश ब्रिटनच्या युद्धाचा खर्च उधारीवर पेलत होता. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन आपलं शंभर कोटी पौंडांहून जास्त देणं लागत होता. मग कटोरा कुणाच्या हाती काढायचा? पुढे १९६५च्या युद्धात अमेरिकेनं भारत आणि पाकिस्तान दोघांचीही लष्करी मदत थांबवली, पीएल-४८० या कायद्याखाली मिळणारा मदतीचा गहूही हात आखडून सोडला. वॉशिंग्टनचं ते राजकारण इथल्या माणसाला कळलं ते रेशनच्या रांगेत.

देण्याघेण्यातला मिंधेपणा आमच्या भागाला शिकवावा लागत नाही. पावसाळ्यात खावटी, म्हणजे पोटापुरतं कर्ज, घेतलेल्या ठाकर-कातकरी घरांना तो ठाऊक आहे. तानसा-भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि मे महिन्यात पाड्यावर टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते. माणसाहून उंच जलवाहिनी, तिचा गळका सांधा, खाली लावलेला एक हंडा. जगाच्या मदतीचं याहून खरं चित्र मला माहीत नाही, आणि ते काढायला परदेशी जावं लागत नाही.

चित्रकारांनो, पुढचा हप्ता मंजूर होईल तेव्हा कटोरा बाजूला ठेवा. आसनगावला उतरा, पाड्यापर्यंत चालत या आणि ती रांग काढा.