हाय नून

हाय नून : ‘वेस्टर्न’ ह्या चित्रपटप्रकारातील एक अभिजात अमेरिकन कृष्णधवल चित्रपट (१९५२). दिग्दर्शक फ्रेड झिनमन (१९०७–९७), निर्माता स्टॅन्ली क्रेमर व पटकथाकार कार्ल फोरमन (१९१४–८४). जॉन कनिंगहॅम ह्याच्या ‘द टिन स्टार’ (१९४७) ह्या लघुकथेचा पटकथेला आधार आहे. गॅरी कूपर (१९०१–६१), ग्रेस केली, केटी हुरादो, लॉइड ब्रिजेस व टॉमस मिचेल ह्यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत.

कथानक अगदी साधे आहे. हॅडलीव्हिल ह्या लहान गावाचा मार्शल विल केन रविवारी सकाळी विवाहबद्ध होतो व पदाचा बिल्ला उतरवून गाव सोडण्याच्या तयारीत असतो. तोच वार्ता येते, की त्याने पूर्वी पकडून दिलेला फ्रँक मिलर हा गुंड माफी मिळून सुटला असून दुपारी बाराच्या आगगाडीने गावात येत आहे. मिलरचे तीन साथीदार स्थानकावर थांबलेले असतात. केन पत्नीसह निघतो. पण अर्ध्या वाटेवरून परततो व उरलेल्या तासाभरात मदतीसाठी दारोदार फिरतो. कोणीही त्याच्याबरोबर उभे राहत नाही.

वेस्टर्न चित्रपटांचा प्रेक्षक ज्या गोष्टींची अपेक्षा करतो, त्यांपैकी बहुतेक येथे नाहीत. विस्तीर्ण माळराने, घोड्यांचे पाठलाग, गुरांचे कळप किंवा मूलनिवासींशी झालेल्या लढाया ह्यांऐवजी एक धुळीचा रस्ता, काही घरे व भिंतीवरची घड्याळे एवढीच सामग्री आहे. गोळीबार येतो तो अखेरच्या काही मिनिटांत. तरीही ८५ मिनिटांत प्रेक्षकाचे लक्ष कोठेही ढळत नाही. ह्याचे एक कारण म्हणजे कथेतील काळ व पडद्यावरील काळ जवळजवळ समांतर चालतात. झिनमनने तीन दृश्यघटकांवर सारी मांडणी उभारली : क्षितिजापर्यंत गेलेले निश्चल रूळ, गडद वेशात सतत हालत राहणारी केनची आकृती आणि वेळ सरत जाईल तशी पडद्यावर मोठी होत जाणारी घड्याळे. छायालेखक फ्लॉइड क्रॉस्बी ह्याने सौंदर्यवर्धक गाळण्या टाळून आकाश पांढरेफटक ठेवले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातील मॅथ्यू ब्रेडीची छायाचित्रे त्याच्यासमोर आदर्श म्हणून होती. प्रसिद्ध क्रेनदृश्यात कॅमेरा वर वर जातो आणि रिकाम्या गावात केन एकटाच उरतो. दिमित्री त्यॉमकिनच्या संगीताची भिस्त भव्य वाद्यवृंदावर नसून टेक्स रिटरने गायिलेल्या एका गीतावर आहे. ते अधूनमधून, कधी नुसत्या सुरावटीने, परतत राहते.

मात्र चित्रपटाचे खरे सामर्थ्य ह्या तांत्रिक नेटकेपणापेक्षा गावकऱ्यांच्या नकारांच्या चित्रणात आहे. हे नकार एकसारखे नाहीत. न्यायाधीश राष्ट्रध्वज व न्यायाचा तराजू गुंडाळून निघून जातो. मदतनीस हार्वे पेल ह्याला बढती मिळाली नाही म्हणून तो रुसला आहे. एक स्नेही घरात असूनही बायकोकडून ‘घरी नाहीत’ असे सांगवितो. हॉटेलच्या कारकुनाला मिलरच्या काळातला चालता धंदा आठवतो. वृद्ध माजी मार्शलचे हात संधिवाताने आखडले आहेत. त्याचा नकार दुःखी व प्रामाणिक आहे. सर्वांत बोचरा प्रसंग चर्चमधील आहे. तेथे महापौर केनची तोंड भरून स्तुती करतो आणि रस्त्यात रक्तपात झाला, तर उत्तरेकडील भांडवलदार गावात पैसा घालणार नाहीत, असे सांगून त्यालाच गाव सोडण्याचा सल्ला देतो. ह्यांतील प्रत्येक युक्तिवाद सुट्टा घेतल्यास पटण्याजोगा वाटतो, हीच त्यातील भीषणता होय. मदतीला तयार होतात ते एक दारुडा व एक अल्पवयीन मुलगा. त्यांना केनच परत पाठवितो.

ह्या चित्रणामागे तत्कालीन राजकारण होते. अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीने १९५१ मध्ये फोरमनला पाचारण केले. सहकाऱ्यांची नावे सांगण्यास त्याने नकार दिला. परिणामी तो काळ्या यादीत गेला व इंग्लंडला स्थायिक झाला. पटकथेतील भेदरलेले गाव म्हणजे हॉलिवुडच, हे त्याने पुढे स्पष्टपणे सांगितले. कूपर स्वतः उजव्या मतांचा होता व १९४७ मध्ये ह्याच समितीपुढे त्याने अनुकूल साक्ष दिली होती. तरी फोरमनला त्याने पाठिंबा दिला. जॉन वेनला मात्र हा चित्रपट अमेरिकेच्या वृत्तीला विसंगत वाटला. १९७१ च्या एका मुलाखतीत त्याने केन बिल्ला पायाखाली तुडवितो असे म्हटले. प्रत्यक्षात केन तो केवळ धुळीत टाकून निघून जातो. गंमत अशी, की १९५३ मध्ये कूपरच्या वतीने ऑस्कर पारितोषिक वेननेच स्वीकारले होते. हॉवर्ड हॉक्स ह्याने रिओ ब्राव्हो (१९५९) हा चित्रपट प्रत्युत्तरादाखल काढला. खरा शेरीफ हौशी लोकांकडे मदत मागत हिंडणार नाही, असे त्याचे मत होते. हा आक्षेप वेस्टर्नच्या संकेतांना धरून आहे. पण केन घाबरतो, घाम पुसतो, मृत्युपत्र लिहितो व तरी थांबतो, ह्यातच ह्या नायकाचे वेगळेपण आहे. पन्नाशी गाठलेल्या, त्या वेळी आजारी असलेल्या कूपरचा ओढलेला चेहरा येथे संवादांहून अधिक बोलतो.

समीक्षकांचे आक्षेप अधिक विचारार्ह आहेत. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ ह्याने ‘अतिवेस्टर्न’ ही संज्ञा वापरताना ह्या चित्रपटाचा निर्देश केला : स्वतःच्या प्रकाराची लाज वाटून बाहेरचे सामाजिक वा नैतिक प्रयोजन शोधणारा तो वेस्टर्न. रॉबर्ट वॉरशॉ ह्यालाही (१९५४) गावाच्या भ्याडपणाचे सामाजिक स्पष्टीकरण उथळ वाटले. चर्चमधील वादविवाद काहीसा प्रचारकी आहे, हे मान्य करावे लागते. क्वेकर पंथीय एमी शेवटी बंदूक उचलते, तो बदलही फार झटपट होतो. त्या मानाने हुरादोने साकारलेली मेक्सिकन व्यावसायिक स्त्री हेलन रामिरेझ अधिक सखोल आहे. गावाने तिला कधीच आपले मानलेले नसल्याने गावाचे खरे स्वरूप तीच प्रथम ओळखते.

चित्रपटाला अभिनय, संकलन, संगीत व गीत ह्यांसाठी चार ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्याचा राजकीय अर्थ मात्र पुढेही बदलत राहिला. पोलंडमधील ४ जून १९८९ च्या निवडणुकीत ‘सॉलिडॅरिटी’ ह्या संघटनेने आपल्या भित्तिपत्रकावर कूपरचाच केन वापरला. त्याच्या हातात मतपत्रिका होती. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत जतनासाठी निवडलेल्या पहिल्या पंचवीस चित्रपटांत हाय नूनचा समावेश झाला.