लाकडी घोडा आणि पनाह देणारे हात

दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या हद्दीत विमान पडलेल्या हवाईदलाच्या जवानांनी लिहिलेली पुस्तके इंग्रजीत इतकी झाली की त्यांचा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच मानला जातो. सांगाडा ठरलेला असतो. विमानाला गोळी लागते, माणूस हवाई छत्रीने उतरतो, दोनचार दिवस रानावनात लपतो, पकडला जातो, छावणीत जातो आणि एके दिवशी निसटतो. या प्रकारातले एरिक विल्यम्स यांचे ‘द वुडन हॉर्स’ हे १९४९ सालचे पुस्तक आजही वाचले जाते. १९५० साली त्यावर चित्रपटही निघाला. हे पुस्तक नव्याने वाचताना त्याचे बळ जसे जाणवते, तसे त्यातले मौनही जाणवते. या लेखात दोहोंचा विचार करायचा आहे.

विल्यम्स ब्रिटिश हवाईदलात होते. डिसेंबर १९४२ मध्ये त्यांचे बॉम्बफेकी विमान जर्मनीवर पाडले गेले. काही दिवस लपतछपत काढल्यावर ते पकडले गेले. आधी पोलंडमधली शुबिनची छावणी आणि नंतर सागानची ‘स्टालाग लुफ्ट ३’ असा त्यांचा प्रवास झाला. सागानची जागा जर्मनांनी विचारपूर्वक निवडली होती. वरची माती करडी, खालची वाळू पिवळी. कोणी भुयार खणले तर उपसलेली वाळूच चुगली करणार. शिवाय बराकी कुंपणापासून दूर आणि जमिनीत आवाज टिपणारी यंत्रे.

यावर विल्यम्स आणि त्यांचे मित्र मायकल कॉडनर यांनी काढलेली युक्ती जुन्या ट्रॉयच्या कथेची आठवण देते. व्यायामात उड्या मारण्यासाठी वापरतात तसा एक पोकळ लाकडी घोडा त्यांनी बनवला. रोज तो कुंपणाजवळ एकाच ठिकाणी नेऊन ठेवायचा. वर कैदी उड्या मारत आणि आत बसलेला माणूस भुयार खणत असे. संध्याकाळी खणणारा आणि वाळूच्या पिशव्या पोटात घेऊन घोडा परत येई. कपड्यांना वाळूचे डाग नकोत म्हणून माणसे उघड्या अंगाने खणत. ऑलिव्हर फिल्पॉट हे तिसरे साथीदार नंतर सामील झाले. शंभर फुटांहून लांब अशा या बिळातून २९ ऑक्टोबर १९४३ रोजी तिघे बाहेर पडले आणि तिघेही स्वीडनला सुखरूप पोहोचले.

पुस्तकाचा पूर्वार्ध छावणीतला आहे, आणि तोच अधिक कसदार आहे. विल्यम्स शौर्याची भाषा वापरत नाहीत. ते श्रमाची भाषा वापरतात. आज किती फूट झाले, किती पिशव्या निघाल्या, दिवा का विझला, श्वास कुठे कोंडला, असा कारागिराचा हिशेब ते मांडतात. त्यामुळे कैदेतला वेळ वाचकाच्या अंगावर येतो. दुसरा विशेष निवेदनाचा. अनुभव स्वतःचा असूनही विल्यम्स ‘मी’ म्हणत नाहीत. नायकाचे नाव पीटर हॉवर्ड. साथीदारांचीही नावे बदललेली. या तृतीयपुरुषी निवेदनाने आत्मप्रौढी टळते. मात्र त्याच पडद्याआड सत्य आणि कल्पित यांची सीमाही पुसट होते. आत्मकथन म्हणून वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पण या घोड्यावरून रोज उड्या मारणारे कोण होते? अर्धपोटी कैदी, ज्यांना स्वतःला पळायचे नव्हते. कित्येक आठवडे त्यांनी उड्या मारल्या म्हणून तिघे सुटले. पुस्तकात ते दिसतात, पण समूह म्हणून. उत्तरार्धात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. विल्यम्स आणि कॉडनर स्टेटिन बंदरात परदेशी कामगारांच्या वेषात वावरतात. तिथे जर्मनीत राबणारे फ्रेंच मजूर आणि डॅनिश दर्यावर्दी त्यांना वाट दाखवतात. ही माणसे येतात, दार उघडतात आणि कथेतून निघून जातात. त्यांचे पुढे काय झाले, हे कथेचे दुखणे होत नाही.

हे केवळ रचनेचे वैगुण्य नाही. दोन्ही बाजूंचा धोका सारखा नव्हता. पकडलेला ब्रिटिश अधिकारी १९२९ च्या जिनेव्हा कराराखाली बहुधा पुन्हा छावणीतच जाई. बहुधा असे म्हणायचे, कारण मार्च १९४४ मध्ये याच सागानहून ७६ जण भुयारातून निसटले, तेव्हा पकडलेल्यांपैकी ५० जणांना हिटलरच्या हुकमाने ठार मारण्यात आले. मदत करणाऱ्या नागरिकाला मात्र कोणत्याच कराराचे छत्र नव्हते. त्याच्या वाट्याला गोळी किंवा यातनातळ. बेल्जियमची तरुणी आंद्रे द यॉन्ग हिने १९४१ मध्ये ‘कॉमेट’ ही वाट उभी केली. ब्रसेल्सहून पॅरिस आणि पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेन. शंभरावर माणसे तिने स्वतः पोहोचवली. जानेवारी १९४३ मध्ये ती पकडली गेली. तिच्या वडिलांना १९४४ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. ती स्वतः राव्हेन्सब्रुकच्या यातनातळातून जिवंत परतली आणि पुढे आफ्रिकेत कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिली. पळणाऱ्याची गोष्ट संपते तिथे पनाह देणाऱ्याची गोष्ट सुरू होते, हे तिच्या आयुष्यावरून कळते.

दुसरा प्रश्न लिहिणाऱ्याचा. त्या करारानुसार अधिकारी कैद्यांना सक्तीचे काम नव्हते. त्यांच्याजवळ वेळ होता, रेडक्रॉसची पार्सले होती आणि परतल्यावर प्रकाशकही होते. साधा शिपाई खाणीत, शेतात राबत होता. सोव्हिएत कैद्यांना तर जर्मनांनी करार लागूच केला नाही. त्यांतले तीस लाखांहून अधिक मेले. आपल्या माणसांचे काय? ११ मे १९४४ रोजी फ्रान्समधल्या एपिनाल गावावर अमेरिकी बॉम्ब पडले आणि हिंदी युद्धकैद्यांच्या छावणीच्या भिंती कोसळल्या. शेकडो जण बाहेर पडले. फ्रेंच खेडुतांच्या भाकरीवर आणि त्यांनी दाखवलेल्या वाटेवर सुमारे ५०० जण स्वित्झर्लंडला पोहोचले. संख्येने ही सुटका सागानहून कितीतरी मोठी. पण तिच्यावरचे घी बोमन यांचे पुस्तक निघायला २०२४ साल उजाडावे लागले. डंकर्कच्या मुस्लिम खेचरपथकांवरही त्यांनीच २०२० मध्ये लिहिले. सुटणाऱ्यांपाशी लेखणी नसली की सुटकाही विसरली जाते.

कॉडनर यांच्या पुढच्या आयुष्याने या वाचनाला एक कडवट जोड दिली आहे. ते मलायात वसाहतीच्या सरकारी सेवेत गेले. मार्च १९५२ मध्ये तंजोंग मालिमजवळ बंडखोरांच्या हल्ल्यात ते मारले गेले. त्यानंतर जनरल टेम्पलर यांनी सगळ्या गावालाच शिक्षा दिली. दिवसाचे २२ तास संचारबंदी आणि तांदळाच्या शिध्यात कपात. कॉडनर यांचा त्यात दोष नाही. पण कुंपणाच्या आतून सुटलेल्या माणसाच्या मृत्यूपायी एक गाव कुंपणात पडले, हे विसरून ‘द वुडन हॉर्स’मधले स्वातंत्र्य वाचता येत नाही. त्या पुस्तकातले स्वातंत्र्य खरे आहे, पण ते सर्वांचे नाही.

म्हणून हे पुस्तक टाकून द्यावे असे नव्हे. श्रम कसे लिहावेत, हे त्यातून शिकावे. आणि जे त्यात सुटले ते आपण लिहावे. मुंबईहून ब्रिटिश जहाजांवर चढणाऱ्या खलाशांत रत्नागिरीकडचे मुसलमान मोठ्या संख्येने असत. युद्धात त्यांची जहाजे बुडाली, कित्येक हिंदी खलाशी जर्मनीतल्या छावण्यांतही राहिले. ती पिढी आता गेली. कोकणातल्या घरांत नातवंडांच्या तोंडी काही आठवणी असतील, पेटीत एखादे पत्र असेल. मुस्लिम मराठी साहित्याने जातीय दंगलींवर, तलाकवर, मोहल्ल्यावर लिहिले, ते गरजेचेच होते. पण समुद्रापलीकडच्या कुंपणात अडकलेला आपला माणूस आणि त्याला भाकर देणारी परकी बाई, ही दोघे अजून मराठीत आलेली नाहीत. त्यांना आणायचे असेल तर आठवणी आहेत तोवर आणायला हवे.