जुने नाटक, नवे नाटक आणि कात्री

देवस्थानाच्या उत्सवात नाटक बसवावयाचे ठरले की बहुधा दोन पक्ष पडतात. एकास पौराणिक नाटक हवे असते, कारण ते देवापुढे शोभते. दुसऱ्यास सामाजिक हवे असते, कारण ते काळास धरून असते. आमच्या मते हा वादच चुकीच्या पायावर उभा आहे. त्याचा निवाडा संकेश्वरकरांनी दूर शोधावयास नको; आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी काढलेल्या नाटक मंडळीचा इतिहास त्यास पुरेसा आहे.

या मंडळीने ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग केला, तो पहिल्या चार अंकांचा. पुढे सातही अंक रंगभूमीवर आले, हे महत्त्वाचे. चौथ्या अंकात कण्वमुनी कन्येची पाठवणी करतात आणि प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. परंतु दुष्यंत भर दरबारात तिला नाकारतो, तो पाचव्या अंकात. तेथे तिच्यापाशी ना साक्षीदार, ना अंगठी. पुराव्याअभावी खरा दावा फेटाळला जाणे ही गोष्ट वकिली करणाऱ्या आम्हांस मुळीच जुनी वाटत नाही. वेळेची सबब सांगून जी मंडळी पाठवणी ठेवते आणि दरबार गाळते, तिने ‘शाकुंतल’ केले असे आम्ही म्हणणार नाही.

याच मंडळीने १८९९ मध्ये गोविंद बल्लाळ देवलांची ‘शारदा’ रंगभूमीवर आणली. १८९१ च्या कायद्याने मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर नेले होते. पण म्हाताऱ्याशी बालिकेचे लग्न लावण्यास त्याने मनाई केली नव्हती. बालविवाहास आळा घालणारा कायदा १९२९ मध्ये झाला. त्याचे रूढ नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडले, नाटकावरून नव्हे. तथापि नाटक ३० वर्षे आधी बोलून चुकले होते.

विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत पदे सूत्रधार गाई; किर्लोस्करांनी ती पात्रांच्या मुखी घातली. ज्याचे दुःख त्याचेच गाणे, हा नियम दोन्ही नाटकांना सारखाच लागू पडला. म्हणून नट निवडताना गळ्याइतकाच अर्थही पाहावा. नुसत्या तानांखाली शारदेची तक्रार बुडू नये.

तेव्हा उत्सवमंडळाने नाटकाचे वय विचारू नये. त्यात अन्याय झालेल्या माणसाला आपण शेवटच्या अंकापर्यंत बोलू देणार आहोत काय, एवढेच विचारावे.