कावळा उडाल्यावर घर कोणाचं? : चाचणीच्या एका गाडीची ओळख

आपल्या शास्त्रग्रंथांत एक जुनं उदाहरण येतं. गावात नवखा माणूस येतो आणि विचारतो, देवदत्ताचं घर कोणतं? त्याला सांगतात, तो कावळा बसलाय ना, ते. माणूस बरोबर घरी पोचतो. थोड्या वेळाने कावळा उडून जातो, घर देवदत्ताचंच राहतं. अशा खुणेला शास्त्रकार उपलक्षण म्हणतात. ती वस्तू दाखवून देते, पण वस्तूच्या स्वरूपात तिचा वाटा नसतो. विशेषणाचं तसं नाही. निळं कमळ म्हटलं की निळेपणा कमळाबरोबरच येतो. हा भेद आज मला एका मोटारगाडीला लावून बघायचा आहे. विक्रीच्या आधी चाचणीसाठी बांधलेल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांविषयी जे लिहिलं-बोललं जातं त्यात हा भेद कुठे दिसत नाही. ‘अस्सल’ हा शब्द मात्र वाक्यागणिक दिसतो.

गाडी आहे जॅग्वार ई-टाइप. कारखाना इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा. पण २००८ मध्ये जॅग्वार टाटा मोटर्सने विकत घेतली. तेव्हा या घराण्याच्या जुन्या वह्या आता आपल्याच घरात आहेत असं म्हणायला हरकत नाही. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात ही गाडी जगासमोर आली. त्या वेळी दोन गाड्या गाजल्या. एक बंद टपाची, नोंदणी क्रमांक ९६०० एचपी. दुसरी उघडी, ७७ आरडब्ल्यू. ती चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस यांनी रातोरात कॉव्हेंट्रीहून जिनिव्हाला नेली, हा किस्सा तुमच्यातल्या गाडीवेड्यांना पाठ असेल. दोन्ही गाड्या कारखान्याच्या कामातल्या. पत्रकारांना चालवायला दिल्या त्याही ह्याच.

आता यांची ओळख कशी पटवायची? पहिलं उत्तर सगळेच देतात : चासी नंबर. ९६०० एचपीचा चासी क्रमांक ८८५००२. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या बंद गाड्यांची मालिका ८८५००१ पासून सुरू होते, म्हणजे हा त्या मालिकेतला दुसरा आकडा. ७७ आरडब्ल्यूचा ८५०००३. आपल्याकडेही श्रद्धा हीच. गाडी पासिंगला नेली की आरटीओत चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात, आकडे उमटतात, तो कागद फायलीला लागतो. मला ती पेन्सिल प्रिंट फार आवडते. लोखंडाने स्वतःची सही करावी तसं वाटतं ते. पण सही लोखंडाची नसते, ठोकणाऱ्याची असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२२ वा नियम गाडीवर क्रमांक कोरलेला असावा असं सांगतो. कोरलेला असावा याचा अर्थच हा, की तो बाहेरून आलेला आहे.

आणि बाहेरून आलेली गोष्ट काय काय करू शकते ते बघा. १९६३ मध्ये जॅग्वारने शर्यतीसाठी हलक्या ई-टाइप बांधायला घेतल्या. ठरवल्या अठरा, झाल्या बारा. उरलेले सहा क्रमांक वहीतच राहिले. पन्नास वर्षांनी, २०१४ मध्ये, कंपनीने जाहीर केलं की त्या सहा क्रमांकांच्या गाड्या आता बांधणार, आणि बांधल्या. म्हणजे अर्धं शतक नाव होतं आणि नामधारी नव्हता. बारसं झालं, मूल मागाहून आलं! या गाड्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही, कंपनीने त्या नव्याने बांधल्याचं लपवलंही नाही. पण जे समीक्षक त्यांना १९६३ च्या मालिकेतल्या ‘हरवलेल्या बहिणी’ म्हणतात त्यांना विचारलं पाहिजे, की हरवण्यासाठी आधी असावं लागतं की नाही?

उलटा प्रकार आपल्याकडच्या एका प्रकरणात चर्चेला आला. डीसी अवंती ही भारतीय स्पोर्ट्स कार २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत लोकांनी पाहिली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी त्या गाड्यांच्या संदर्भात गुन्हा नोंदवला. आरोप असा, की एकाच इंजिन-चासी क्रमांकावर एकाहून अधिक नोंदण्या झाल्या. आरोपाचं खरंखोटं करणं न्यायालयाचं काम आहे, या व्यासपीठाचं नाही. मला त्यातला तर्क हवा आहे. असा आरोप करता येतो, त्याला अर्थ असतो, एवढ्यानेच सिद्ध होतं की क्रमांक म्हणजे गाडी नव्हे. पुण्याजवळ चाकणच्या बाजूला अंगभर काळी-पांढरी नक्षी चिकटवलेल्या, लाल पाटीच्या गाड्या फिरताना तुम्ही पाहिल्या असतील. त्या चाचणीच्या गाड्या. लाल पाटीवरचा क्रमांक व्यापार प्रमाणपत्राचा असतो. आज या गाडीवर, उद्या त्या. इथे कावळा आपल्या डोळ्यांदेखत उडतो.

मग जाणकार म्हणतात, आकडे सोडा, खुणा बघा. ठीक आहे, बघू. सुरुवातीच्या साधारण पाचशे ई-टाइप गाड्यांना बॉनेटची कुलपं बाहेरच्या बाजूला होती. ती उघडायला वेगळी किल्ली लागे. बॉनेटवरच्या हवेच्या झडपा वेगळ्या पत्र्यात पाडून तो पत्रा मागून जोडलेला असे, पुढे त्या बॉनेटमध्येच पाडल्या जाऊ लागल्या. पायाखालची जमीन सपाट होती. उंच माणसाचे गुडघे स्टिअरिंगला लागत, म्हणून १९६२ च्या सुरुवातीला तिथे खोलगट जागा केली. इंजिन ३.८ लिटरचं. या खुणा खऱ्या आहेत, आणि त्या शोधणाऱ्यांच्या नजरेला माझा नमस्कार आहे. आपल्या चाटी गल्लीतला जुना व्यापारी चादर हातात घेतो, उलटी करतो, वीण बघतो आणि मगच लेबलाकडे वळतो. तीच ही विद्या.

पण ह्या खुणा जाती सांगतात, व्यक्ती सांगत नाहीत. बाहेरची कुलपं दिसली तर गाडी पहिल्या काही शेकड्यांतली आहे एवढंच कळतं. ती ‘तीच’ आहे हे कळत नाही. शिवाय आज जुन्या पद्धतीचा प्रत्येक भाग नवा करून मिळतो. चांगला फिटर १९६४ ची गाडी १९६१ ची करून देईल. गाय ओळखण्याची लक्षणं सांगून कपिला गाय ओळखली असं म्हणण्यातला हा दोष. छापील लेखांत तो सर्रास दिसतो. वरचं वाक्य असतं ‘ही पहिल्या गाड्यांसारखी आहे’, आणि खालच्या वाक्यात ‘सारखी’ शब्द गळून पडलेला असतो.

इथे कोणीतरी नागसेनाचा रथ आणणार. मिलिंद राजाला भिक्षू विचारतो, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, आणि अखेर रथ हे केवळ व्यवहाराचं नाव ठरतं. त्यात ग्रीकांचं थीसियसचं जहाज मिळवलं की परिसंवाद पुरा होतो. तीस वर्षं हे दोन्ही मी वर्गात शिकवलं आणि सांगतो, चाचणीच्या गाडीच्या बाबतीत ते अपुरं पडतं. रथाचं कोडं ‘टिकतं काय’ एवढंच विचारतं. चाचणीच्या गाडीला आपण आणखी एक प्रश्न विचारतो : तू काय सांगितलंस, आणि ते तुझ्याविषयी होतं का? ती नुसती वस्तू नाही, ती साक्षीदार आहे.

१९६१ मध्ये ‘ऑटोकार’ने ९६०० एचपी चालवली आणि ताशी १५०.४ मैल, म्हणजे २४२ किलोमीटर, वेग नोंदवला. ‘मोटर’ने ७७ आरडब्ल्यूचा १४९.१ मैल नोंदवला. दीडशे मैल हा आकडा जगभर गेला. त्यानेच गाडी विकली. आता, शर्यतीचे टायर चढवून काढलेला हा आकडा. दुकानातून घेतलेल्या गाडीने तो सहसा गाठला नाही. आपले नैयायिक स्वयंपाकघरातला धूर आणि अग्नी पाहून डोंगरावरच्या अग्नीचं अनुमान करतात. पण स्वयंपाकघरच पाहुण्यांसाठी खास पेटवलेलं असेल तर? दृष्टांतच बनवून आणला असेल तर व्याप्ती कशावर उभी राहणार? म्हणून ९६०० एचपी ‘तीच’ आहे का, हा हौशी लोकांचा प्रश्न नाही. तो आकडा कोणत्या यंत्राचा होता, त्या यंत्रात काय वेगळं होतं, हे सांगू शकणारी ती एकच वस्तू आहे.

आपल्या कायद्याला हे चांगलं कळतं, हे मुद्दाम सांगतो, कारण कायद्याला नावं ठेवण्याची आपल्याला सवय आहे. १२६ वा नियम सांगतो की प्रत्येक गाडीचा पहिला नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासावा. पण तेवढ्यावर थांबत नाही. लगेच १२६-अ सांगतो की नंतर तयार होणाऱ्या गाड्यांतूनही काही उचलून तपासा. नमुन्याची साक्ष सगळ्यांना लागू धरू नका, हा तर्कशास्त्राचा धडा त्या रुक्ष नियमात आहे.

राहिला दुरुस्तीचा प्रश्न. ९६०० एचपी पुढे विकली गेली, हातोहात फिरली. १९७७ मध्ये जॅग्वारवर ग्रंथ लिहिणारे फिलिप पोर्टर यांनी ती घेतली. वीसेक वर्षं तशीच राहिली आणि मग तिला पुन्हा चालती केली. याआधीचा १९५७ चा नमुना, ई१ए, कंपनीने मोडीतच काढला होता. त्या मानाने हिचं नशीब थोर. मालकाने गाडी चालवावी, चकचकीत ठेवावी, यात गैर काही नाही. माझी तक्रार दुरुस्तीचं कौतुक करणाऱ्यांशी आहे. ‘कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी’ हे ते सर्वोच्च प्रशस्तिपत्र समजतात. विक्रीच्या गाडीला ते शोभेल. चाचणीच्या गाडीला कारखान्यातून निघाल्याचा असा एक मुहूर्त नसतोच. तिला रोज उघडतात, उपकरणं बसवायला भोकं पाडतात, एक कंस कापून दुसरा लावतात, पुन्हा रस्त्यावर काढतात. तिचं व्यक्तित्व त्या फेरफारांतच असतं. क्रमांक तिला मालिकेत बसवतो, कुलपं काळात बसवतात, पण एखादं निरुपयोगी भोक, ज्यात काय बसवलं होतं हे आज कोणाला आठवत नाही, ते फक्त तिचं असतं.

तेव्हा अशा गाडीवरचा पुढचा लेख हाती आला, तर त्यात चासी क्रमांक कितव्या ओळीत येतो ते पाहू नका. १९६१ चे फोटो समोर ठेवून लेखकाने पत्र्यावरचे डाग, जोड, भोकं एकेक करून ताडून पाहिली आहेत का, ते पाहा. आणि रंगकाम सुरू होण्याआधीचे फोटो त्याने छापले आहेत का, तेही.