लिंबूटिंबू

लहानपणी आमच्या सोसायटीत लपाछपी सुरू झाली की कुणाचा तरी धाकटा भाऊ मागे लागायचा. "घ्या रे त्यालाही," असं त्याच्या आईनं बजावलेलं असायचं. मग तो लिंबूटिंबू. त्यानं पळायचं, लपायचं, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. आणि त्यानं धप्पा दिला, तरी तो धरायचा नाही. या दुसऱ्या नियमाबद्दल तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं.

तो नियम मला आठवला तो यूट्यूबवर एक जुनी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म बघताना. ५ डिसेंबर १९४७, न्यू यॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. जो लुई १९३७ पासून हेवीवेट चॅम्पियन आहे आणि चोविसाव्यांदा आपलं विजेतेपद राखायला उतरलाय. समोर आव्हानवीर जर्सी जो वॉलकॉट. सट्टेबाजांचा भाव दहास एक, म्हणजे लुईवर दहा डॉलर लावावेत तेव्हा एक डॉलर सुटणार. मुळात ही लढत ठरली होती ती प्रदर्शनीय सामना म्हणून. दोन हेवीवेट एकमेकांसमोर उभे राहणार असतील तर विजेतेपद पणाला लागलंच पाहिजे, असं तिथल्या बॉक्सिंग कमिशननं म्हटलं, म्हणून ती पंधरा राउंडची झाली. थोडक्यात, वॉलकॉट आत आला तो लिंबूटिंबू म्हणूनच.

पहिल्याच राउंडमध्ये त्यानं लुईला खाली पाडलं. चौथ्या राउंडमध्ये पुन्हा पाडलं. पंधरा राउंड संपल्यावर निकाल दोन विरुद्ध एक असा लुईच्या बाजूनं लागला.

या लढतीबद्दल जे लिहिलं-बोललं जातं, त्याचे साधारण दोन साचे आहेत. पहिला : लुई थकला होता, त्याचं वय झालं होतं, त्याचा दिवस वाईट होता. दुसरा : सहा पोरांचा गरीब बाप वॉलकॉट, त्याला दिवसाढवळ्या लुटलं. दुसरा साचा पहिल्यापेक्षा दयाळू आहे. पण माझी तक्रार दोघांबद्दल एकच आहे. दोन्हींमध्ये वॉलकॉट काहीच करत नाही. एकात लुई स्वतःहून घसरतो, दुसऱ्यात जज अन्याय करतात. वॉलकॉट मध्ये नुसता उभा.

वयाचा मुद्दा आधी निकालात काढू. वॉलकॉट जन्मला ३१ जानेवारी १९१४ ला, लुई त्याच वर्षी १३ मे रोजी. त्या रात्री दोघंही तेहेतीस वर्षांचे होते. 'म्हातारा' लुई समोरच्यापेक्षा साडेतीन महिन्यांनी लहानच होता.

आता फिल्म बघा. शक्यतो आवाज बंद करून, कारण आवाज चालू असला की आपण चॅम्पियनच्या नावाकडे ओढले जातो. वॉलकॉट हात खाली सोडून, खांदा वळवून चालायला लागतो. अक्षरशः चालतो, म्हणजे काहीतरी विसरलंय आणि ते आणायला निघालाय, तसा. लुई त्याच्या मागे जातो. लुईची सगळी ताकद समोर स्थिर असलेल्या माणसावर चालते. त्याला आधी पाय रोवावे लागतात. तो पाय रोवेपर्यंत वॉलकॉट थबकतो, वळतो आणि उजवा हात येतो. पहिल्या राउंडमध्ये हे घडतं तेव्हा योगायोग वाटू शकतो. चौथ्यात पुन्हा घडतं तेव्हा ती पद्धत असते. लुईचा दिवस वाईट होता हे खरंच, पण तो वाईट करणारा माणूस त्याच चौकटीत, चार फुटांवर दिसतोय.

आता निकाल. मी इंजिनियर आहे, त्यामुळे मला आकडे उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा न्यू यॉर्कमध्ये निकाल राउंड मोजून लागायचा, ज्याचे राउंड जास्त तो जिंकला. रेफरी रूबी गोल्डस्टीननं वॉलकॉटला सात राउंड दिले, लुईला सहा, दोन बरोबरीत. जज फ्रँक फोर्ब्सनं लुईला आठ, वॉलकॉटला सहा, एक बरोबरीत. जज मार्टी मनरोनं लुईला नऊ, वॉलकॉटला सहा. कुस्तीत पाठ टेकली की विषय संपतो. इथे मात्र माणसाला जमिनीवर लोळवलं तरी तो एकच राउंड, आणि तीन मिनिटं नुसतं पुढे पुढे चालत राहिलं तरी तोही एकच राउंड.

आज राउंड जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला बहुधा नऊ गुण मिळतात, पण कुणी खाली पडलं की साधारणपणे दहा-आठ होतं. पाडापाडीचे दोन्ही राउंड तिघांनीही वॉलकॉटला दिले असं धरून मी हेच आकडे आजच्या पद्धतीत टाकून पाहिले. गोल्डस्टीनच्या कागदावर वॉलकॉट तीन गुणांनी पुढे. मनरोच्या कागदावर लुई एका गुणानं पुढे. फोर्ब्सच्या कागदावर बरोबरी. म्हणजे लढत बरोबरीत सुटली असती आणि पट्टा लुईकडेच राहिला असता.

हा हिशेब करताना मला वॉलकॉटला जिंकवायचं होतं, हे कबूल करतो. तो जिंकला नाही. पण त्यातून 'लुटलं' या शब्दापेक्षा नेमकं काहीतरी हाती लागलं. कुणी कुणाच्या खिशात हात घातला नव्हता. मोजायची पट्टीच अशी होती की दोन धप्प्यांचं वेगळं वजन तिला दिसत नव्हतं. शिवाय शेवटच्या राउंडमध्ये, आपण पुढे आहोत अशा समजुतीनं, वॉलकॉट लुईपासून लांब लांब राहिला. चॅम्पियनकडून पट्टा हिसकावूनच घ्यावा लागतो, असा एक समज बॉक्सिंगमध्ये आहे. तो नियमात लिहिलेला नाही, पण तो माहीत नसल्याची किंमत आव्हानवीर मोजतो.

मग दहास एक हा भाव आला कुठून? वॉलकॉटचा रेकॉर्ड काही गुपित नव्हता. वडील लवकर गेले, पोरवयातच कामाला लागला. सुरुवातीला जॅक ब्लॅकबर्न नावाच्या उत्तम प्रशिक्षकाच्या हाताखाली होता. ब्लॅकबर्न शिकागोला गेला तेव्हा वॉलकॉट टायफॉइडनं अंथरुणावर पडला. तिकडे ब्लॅकबर्नला दुसरा मुलगा मिळाला, तोच जो लुई. १९४० मध्ये एब सायमननं वॉलकॉटला नॉकआउट केलं आणि पुढची काही वर्षं तो जवळजवळ रिंगबाहेरच होता. पण १९४५ पासून त्यानं जो बॅक्सी आणि जिमी बिव्हिन्सला हरवलं. १९४६ मध्ये जोई मॅक्सिम आणि एल्मर रे यांच्याकडून हरला, तर १९४७ मध्ये दोघांनाही हरवून परतफेड केली. ज्याला बघायचं होतं त्याला हे दिसत होतं. भाव लावणाऱ्यांनी जुन्या पराभवांची आणि मधल्या गॅपची बेरीज केली.

गॅप हा शब्द मला जड जातो. पहिल्या नोकरीत मला भरतीसाठी आलेले रेझ्युमे गाळणारी एक स्क्रिप्ट लिहायला सांगितली होती. वर्षभरापेक्षा मोठा गॅप असेल तर रेझ्युमे यादीच्या तळाला. दहा-बारा ओळींचं काम, दुपारी जेवणाआधी संपलं. सगळे खूश होते, कारण वर आलेली माणसं ठीकठाक निघत होती. तळाला गेलेल्यांचं काय झालं हे कळायला काही मार्गच नव्हता, कारण ती कधी आत आलीच नाहीत. चाळणीला स्वतःची चूक दिसत नाही. तिच्याकडे फक्त निवडलेल्यांचा डेटा असतो.

म्हणून मला ही लढत महत्त्वाची वाटते. एक चुकीचा अंदाज अठरा हजारांवर लोकांसमोर उघडा पडला, तोही प्रदर्शनीय सामन्याच्या निमित्तानं अपघातानंच. 'अंडरडॉग' या शब्दात आपण ती चूक आव्हानवीराच्या अंगाला चिकटवतो, जणू कमी लेखलं जाणं हा त्याचाच गुण आहे. तो गुण त्याचा नाही. अंदाज चुकला तो बघणाऱ्यांचा. 'चमत्कार झाला' असं म्हटलं की बघणाऱ्यांना माफी मिळते.

फिल्मच्या शेवटाकडे निकाल जाहीर होण्याआधीच लुई रिंगमधून निघायला लागतो आणि त्याची माणसं त्याला थांबवतात. आपण हरलो असं त्याला वाटलं, हा एक अर्थ. स्वतःच्या खेळाचा वैताग आला होता, हे त्यानं नंतर दिलेलं कारण. मला दोन्ही खरे वाटतात. त्या इमारतीत वॉलकॉट नेमका कोण आहे हे सर्वांत आधी कळलेला माणूस लुईच असणार.

पुढच्या जूनमध्ये यँकी स्टेडियममध्ये वॉलकॉटनं लुईला तिसऱ्यांदा पाडलं आणि अकराव्या राउंडमध्ये तो स्वतः नॉकआउट झाला. एझर्ड चार्ल्सकडून दोनदा हरला. १८ जुलै १९५१ रोजी पिट्सबर्गमध्ये, पाचव्या प्रयत्नात, सातव्या राउंडला एका डाव्या हुकनं त्यानं चार्ल्सला आडवं केलं. वय सदतीस. इतक्या वयाचा हेवीवेट चॅम्पियन आधी झाला नव्हता. हा विक्रम जॉर्ज फोरमननं मोडला, १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये. वॉलकॉट त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वारला होता.

तरी आजही त्याचा जो फोटो सगळीकडे फिरतो तो १९५२ चा आहे, रॉकी मार्सियानोच्या उजव्या ठोशाखाली वेडावाकडा झालेला त्याचा चेहरा. त्याच लढतीच्या पहिल्या राउंडमध्ये वॉलकॉटनं मार्सियानोला पाडलं होतं. व्यावसायिक कारकिर्दीत मार्सियानो पहिल्यांदाच पडला होता. बाराव्या राउंडअखेर तिन्ही कागदांवर वॉलकॉट पुढे होता. ते त्या फोटोत मावत नाही.

ती नोकरी मी सोडली तेव्हा स्क्रिप्ट चालूच होती. बंद करा असं मी कुणाला म्हटलं नाही. बहुधा अजूनही चालू असेल.